जुन्या सिंथ-पॉप बँडचा नवा अल्बम कसा ऐकावा : डिपेश मोडच्या 'मेमेंटो मोरी'च्या निमित्ताने

चाळीस वर्षांहून अधिक काळ वाजवत आलेल्या बँडचा नवा अल्बम येतो तेव्हा श्रोत्याच्या कानात त्या बँडची जुनी गाणी आधीपासूनच घर करून बसलेली असतात आणि नव्या गाण्यांना तिथे जागा मिळायला वेळ लागतो. सिंथ-पॉप, म्हणजे सिंथेसायझर या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर उभे राहिलेले पॉप संगीत, करणाऱ्या डिपेश मोड या इंग्लिश बँडचा 'मेमेंटो मोरी' हा पंधरावा अल्बम 24 मार्च 2023 रोजी प्रसिद्ध झाला, तेव्हा माझेही तसेच झाले. मी तो पहिल्यांदा फोनच्या स्पीकरवर, हातातली कामे उरकता उरकता ऐकला. पहिले गाणे जड वाटले म्हणून अर्ध्यावर सोडले, आधीच ओळखीच्या झालेल्या 'घोस्ट्स अगेन'वर गेलो आणि दोन दिवसांत त्यांच्या 1990 च्या गाजलेल्या 'व्हायोलेटर' या अल्बमची सर याला नाही असे ठरवून मोकळा झालो. महिन्याभराने हेडफोन लावून, पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रमाने ऐकला तेव्हा ते मत टिकले नाही. मधल्या काळात अल्बम बदललेला नव्हता, ऐकण्याची रीत बदलली होती. ती रीत पुढे सविस्तर मांडली आहे. ती इतर बँडनाही लागू पडते, परंतु उदाहरण एकच धरले म्हणजे प्रत्येक पायरी प्रत्यक्ष दाखवता येते, म्हणून येथे मुख्यतः याच अल्बमचा आधार घेतला आहे.

ऐकण्याआधी एक कागद घ्यावा

पहिली पायरी ऐकण्याची नाही, लिहिण्याची आहे. एका कागदावर बँडमध्ये कोण होते, कोण केव्हा आले, कोण केव्हा गेले आणि प्रत्येकाचे काम काय होते हे वर्षांसह लिहून काढावे. सिंथ-पॉपमध्ये याला फार महत्त्व आहे, कारण येथे वाद्ये आणि माणसे यांची जोडी पक्की नसते. रॉक बँडमधला ड्रमवादक गेला की ड्रम बदललेले लगेच ऐकू येतात. चार जण कीबोर्डमागे उभे असलेल्या बँडमधून एक जण गेला तर नेमके काय गेले, हे नुसत्या कानाने सहज कळत नाही.

डिपेश मोडचा कागद असा होईल. 1980 साली एसेक्समधील बासिल्डन या गावी व्हिन्स क्लार्क, मार्टिन गोर, अँडी फ्लेचर आणि डेव्ह गाहान यांनी बँड सुरू केला. 1981 च्या 'स्पीक अँड स्पेल' या पहिल्या अल्बमवरील बहुतेक गाणी क्लार्क यांची होती आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ते बाहेर पडले. पुढे त्यांनी अ‍ॅलिसन मॉयेट यांच्यासह याझू आणि 1985 साली अँडी बेल यांच्यासह इरेजर हे गट उभे केले. गीतलेखनाची जबाबदारी गोर यांच्याकडे आली. 1982 साली अ‍ॅलन वाइल्डर आले आणि त्यांनी गाण्यांची ध्वनिरचना आणि मांडणी यांचा भार मोठ्या प्रमाणावर उचलला. 1995 साली तेही गेले. 26 मे 2022 रोजी अँडी फ्लेचर यांचे वयाच्या साठाव्या वर्षी, महाधमनीचे आवरण फाटून, निधन झाले. म्हणजे चाराचे तीन झाले, पुन्हा चार, पुन्हा तीन आणि आता दोन.

याच कागदावर दुसरा रकाना निर्मात्यांचा करावा. सिंथ-पॉपमध्ये निर्माता हा बँडच्या जवळजवळ एका सदस्याइतका प्रभाव टाकतो, कारण कोणता ध्वनी ठेवायचा, कोणता टाकायचा आणि किती मोकळी जागा सोडायची हे निर्णय तो घेत असतो. 1990 च्या 'व्हायोलेटर'वर आणि 1993 च्या 'साँग्ज ऑफ फेथ अँड डिव्होशन'वर फ्लड या नावाने ओळखले जाणारे निर्माते होते. 1997 च्या 'अल्ट्रा'वर टिम सिमेनन, 2001 च्या 'एक्सायटर'वर मार्क बेल, 2005 ते 2013 या काळातील तीन अल्बमवर बेन हिलियर आणि 2017 च्या 'स्पिरिट'वर जेम्स फोर्ड. 'मेमेंटो मोरी'लाही फोर्डच आहेत, त्यांच्या जोडीला मार्ता सालोन्यी आहेत. हा रकाना भरताना एक गोष्ट आपोआप लक्षात येते. 1997, 2001, 2005, 2009, 2013, 2017 असा दर चार वर्षांनी एक अल्बम येण्याचा क्रम बँडने वीस वर्षे पाळला होता आणि 'मेमेंटो मोरी'च्या वेळी तो पहिल्यांदा मोडला. मध्ये सहा वर्षे गेली. त्या सहा वर्षांत कोविडची महासाथ होती आणि एक मृत्यू होता.

समीक्षा, गुणांकन, जुन्या गाण्यांच्या याद्या यांपैकी काहीही या टप्प्यावर वाचू नये. कागद पुरेसा आहे.

पहिले ऐकणे

पहिल्या ऐकण्यासाठी सुमारे एक तास मोकळा ठेवावा. 'मेमेंटो मोरी'ची बारा गाणी मिळून पन्नास मिनिटांच्या आसपास जातात. गाण्यांचा क्रम उलटसुलट करणारे शफल बंद करावे, दोन गाण्यांमध्ये आवाज मिसळणारी क्रॉसफेडची सोय बंद करावी आणि खालचे-वरचे स्वर कमीजास्त करणारा इक्वलायझरही सपाट ठेवावा. बरे हेडफोन किंवा खालचे स्वर नीट देणारे स्पीकर हवेत. हा चैनीचा आग्रह नाही. सिंथ-बेसचा, म्हणजे सिंथेसायझरवर वाजवलेल्या खालच्या स्वरांच्या ओळीचा, मूळ स्वर बहुधा 40 ते 100 हर्ट्झच्या पट्ट्यात असतो आणि फोनचा लहान स्पीकर त्या पट्ट्यात जवळजवळ मुका असतो. आपला मेंदू वरच्या स्वरांवरून खालच्या स्वराचा अंदाज बांधतो, त्यामुळे बेस ऐकल्यासारखे वाटते, परंतु त्याचे वजन जाणवत नाही. सिंथ-पॉपमध्ये गाण्याचा अर्धा अर्थ त्या वजनात असतो.

गीतांचे शब्द समोर धरू नयेत. डोळे वाचू लागले की कान मागे पडतात.

पहिले गाणे आवडले नाही तरी सोडू नये, हा नियम मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. 'माय कॉसमॉस इज माइन' हे या अल्बमचे दार आहे आणि ते मुद्दाम जड केलेले आहे. संथ, खरखरीत, भरडल्यासारखा ठेका, त्याखाली धुमसणारा गोंगाट आणि त्यावर गाहान यांचा खालच्या पट्टीतला, जवळजवळ बोलल्यासारखा आवाज. ओठांवर लगेच रुळेल असे त्यात फारसे काही नाही. त्यानंतर 'वॅगिंग टंग' येते तेव्हा कानाला जी मोकळीक मिळते, यंत्रासारख्या नेमक्या, टपटप पडणाऱ्या स्वरांचा जो उजेड वाटतो, तो पहिल्या गाण्याने केलेल्या काळोखामुळे वाटतो. आणि तिसऱ्या जागी 'घोस्ट्स अगेन' आले की त्यातली गती सुटी गाणी ऐकताना वाटते त्यापेक्षा अधिक हलकी वाटते. क्रम मोडला की हा परिणाम हरवतो. एकल, म्हणजे सुटे गाणे, म्हणून सुमारे सहा आठवडे आधी आलेले गाणे अल्बमच्या आत ठेवून ऐकणे म्हणूनच आवश्यक आहे. तेच गाणे तिथे वेगळे काम करत असते.

पहिल्या ऐकण्यात एवढेच टिपावे की कोणत्या क्षणी आपले लक्ष ओढले गेले आणि कोणत्या क्षणी ते सुटले. गाण्याचे नाव आणि अंदाजे मिनिट, बस. मत लिहू नये.

थर वेगळे करून ऐकणे

दुसऱ्या ऐकण्यापासून खरे काम सुरू होते आणि या भागावर मी सर्वांत अधिक वेळ घालवायला सांगेन. सिंथेसायझरवर केलेल्या संगीतात आधीपासून तयार असलेले वाद्य क्वचितच असते. प्रत्येक ध्वनी कोणीतरी घडवलेला असतो. तो कसा घडतो याची ढोबळ कल्पना असली तरी ऐकण्यात फार फरक पडतो.

ऑसिलेटर नावाचा भाग एक कच्चा, सतत चालणारा स्वर देतो. तो करवतीच्या दात्यांसारख्या आकाराच्या लहरीचा असेल तर कर्कश आणि भरलेला लागतो, चौकोनी लहरीचा असेल तर पोकळ, बासरी आणि सनई यांच्या मधला वाटतो. मग फिल्टर त्यातले वरचे अंश कापतो. शेजारच्या खोलीत दार लावून गाणे वाजत असले की आपल्याला फक्त घुमणारा खालचा भाग ऐकू येतो आणि कोणी हळूहळू दार उघडले की शब्द, झांजा, सगळे स्पष्ट होत जाते. फिल्टर उघडणे म्हणजे नेमके तेच. तिसरा भाग एन्व्हलप. स्वर किती झटकन उठतो, उठल्यावर किती खाली येतो, किती टिकतो आणि बोट उचलल्यावर किती वेळात विरतो, हे चार टप्पे तो ठरवतो. एकच स्वर झटकन उठवून लगेच विझवला तर तो टिचकीसारखा लागतो, सावकाश उठवून सावकाश विरू दिला तर ढगासारखा पसरतो. हे तीन भाग ओळखता आले की अर्धे सिंथ-पॉप उलगडते.

आता एक गाणे घ्यावे आणि ते सलग चार वेळा ऐकावे. मी 'घोस्ट्स अगेन' सुचवीन, कारण त्याची वीण स्वच्छ आहे. पहिल्या वेळी फक्त बेसच्या मागे जावे. तो हाताने वाजवलेला वाटतो की सिक्वेन्सरने, म्हणजे ठरावीक स्वर ठरावीक अंतराने आपोआप वाजवणाऱ्या यंत्राने चालवलेला वाटतो? सिक्वेन्सरचा बेस कधी दमत नाही, घाई करत नाही, आणि त्याच्या या निर्विकारपणावर गायकाचा श्वास अधिक मानवी वाटू लागतो. दुसऱ्या वेळी ठेक्यामागे जावे. तिसऱ्या वेळी मागे पसरलेले लांब स्वर शोधावेत. ते पहिल्या दोन फेऱ्यांत ऐकूही आलेले नसतात, पण ते काढून टाकले तर गाणे उघडे पडेल. तंबोरा वाजत असताना आपण तंबोरा ऐकत नाही, तसेच त्यांचे आहे. चौथ्या वेळी गिटार. डिपेश मोडमध्ये गिटार कुठे येते, केव्हा थांबते आणि ती सिंथपासून वेगळी ओळखू येते की त्यात मिसळून जाते, याकडे लक्ष द्यावे. गोर गिटार क्वचितच मिरवतात. त्यांच्या हातात ती बहुधा आणखी एक ध्वनीस्रोत असते.

या चार फेऱ्यांनंतर तेच गाणे पाचव्यांदा नेहमीसारखे ऐकावे. माझ्या अनुभवात या पाचव्या वेळी गाणे पहिल्यापेक्षा मोठे वाटते.

ध्वनीच्या बाबतीत बँडच्या जुन्या सवयी ठाऊक असल्या तर आणखी खोल जाता येते. 1983 च्या 'कन्स्ट्रक्शन टाइम अगेन'च्या वेळी हे लोक लंडनच्या शोरडिच भागात बांधकामाच्या आणि पडीक जागांवर जाऊन पत्रे, नळ, लोखंडी वस्तू ठोकून त्यांचे आवाज मुद्रित करत होते आणि ते आवाज सॅम्पलरवर, म्हणजे मुद्रित आवाज स्वरांप्रमाणे वाजवता येणाऱ्या यंत्रावर, चढवून सुरांत वाजवत होते. त्या काळात तो शोध होता. आज कोणत्याही संगणकावर असे हजारो आवाज तयार मिळतात, त्यामुळे नव्या अल्बममध्ये धातूचा ठोका ऐकू आला तर तो केवळ स्वतःच्या भूतकाळाची आठवण म्हणून आहे की गाण्याला त्याची गरज आहे, हे ठरवावे लागते. 'मेमेंटो मोरी'च्या पहिल्या गाण्यातला खरखराट मला गरजेचा वाटतो.

गोर यांनी एकट्याने केलेले शब्दविरहित काम ऐकून ठेवणे हाही चांगला गृहपाठ आहे. 2015 साली त्यांनी 'एमजी' या नावाने सोळा वाद्यरचनांचा अल्बम काढला होता. त्यात गाहान यांचा आवाज नाही, शब्द नाहीत, आहेत ती केवळ मॉड्युलर, म्हणजे सुटे भाग तारांनी जोडून बनवलेल्या, सिंथेसायझरवर घडवलेली ध्वनिचित्रे. तो दोनदा ऐकल्यावर 'मेमेंटो मोरी'तला कोणता रंग गोर यांचा आहे आणि कोणता फोर्ड व सालोन्यी यांनी भरला असावा, याचा अंदाज येऊ लागतो. अंदाजच, कारण स्टुडिओत कोणी कोणता खटका फिरवला हे बाहेरच्याला कधीच पूर्ण कळत नाही.

आवाजाचे वय

'स्पीक अँड स्पेल' आला तेव्हा गाहान एकोणीस वर्षांचे होते, 'मेमेंटो मोरी'च्या वेळी साठ. एवढ्या अंतराने आवाज बदलतोच, पण तो 'उतरला' असे म्हणून मोकळे होणे योग्य नाही. तो कसा वापरला आहे हे पाहावे. वरचे स्वर टाळले आहेत का, टाळले असतील तर ती उंची दुसऱ्या कोणाकडे सोपवली आहे का, आणि ध्वनिमुद्रणात आवाज कोरडा, अगदी कानाशी ठेवला आहे की प्रतिध्वनीत बुडवला आहे? गाहान यांचा खर्ज आता अधिक खरबरीत आहे आणि या अल्बमवर तो अनेक ठिकाणी अगदी जवळ ठेवलेला आहे. वरची जागा गोर यांच्या उंच, किंचित थरथरणाऱ्या आवाजाने भरली आहे. 'सोल विथ मी' हे गाणे तर संपूर्णपणे गोर गातात. दोन आवाज एकत्र येतात त्या जागा टिपून ठेवाव्यात, पुढच्या टप्प्यावर त्यांचा उपयोग होणार आहे.

शब्द वाचताना घ्यावयाची काळजी

आता गीतांचे शब्द समोर घेण्यास हरकत नाही, मात्र येथे एक मोठा धोका आहे आणि 'मेमेंटो मोरी' ऐकणाऱ्या बहुतेकांना त्याने गाठले आहे. अल्बमच्या नावाचा अर्थ 'मरण लक्षात ठेव' असा आहे, फ्लेचर यांचा मृत्यू आदल्या वर्षीचा आहे, त्यामुळे प्रत्येक ओळीत फ्लेचर दिसू लागतात. वस्तुस्थिती वेगळी आहे. या कामाची सुरुवात महासाथीच्या आरंभीच्या काळात झाली होती, बरीचशी गाणी फ्लेचर हयात असताना लिहिली गेली होती आणि अल्बमचे नावही त्यांच्या निधनापूर्वीच ठरले होते. साठीकडे निघालेल्या माणसाने, घराघरांत मृत्यूची चर्चा चालू असताना, स्वतःच्या उरलेल्या आयुष्याकडे पाहून लिहिलेली ही गाणी आहेत. ध्वनिमुद्रणाला बसण्याआधी मित्र गेला आणि तीच गाणी त्याच्याविषयीची असल्यासारखी वाजू लागली. गाणाऱ्यांनाही ती तशीच लागली असणार. म्हणून शब्द वाचताना दोन्ही गोष्टी मनात ठेवाव्यात: लिहिताना काय होते आणि गाताना काय झाले होते.

गीतकारांची नावेही पाहावीत. क्लार्क गेल्यानंतर लेखन जवळजवळ एकट्या गोर यांच्याकडे होते, 2005 च्या 'प्लेइंग द एंजल'पासून गाहान यांचीही गाणी येऊ लागली. या वेळी 'घोस्ट्स अगेन'सह चार गाण्यांचे सहलेखन सायकेडेलिक फर्झ या बँडचे गायक रिचर्ड बटलर यांनी केले आहे, म्हणजे गोर यांनी आपला दरवाजा बाहेरच्या माणसासाठी उघडला. 'वॅगिंग टंग' हे गोर आणि गाहान या दोघांनी मिळून लिहिलेले आहे आणि बँडच्या एवढ्या मोठ्या कारकिर्दीत या दोघांनी मिळून लिहिलेली गाणी बोटांवर मोजण्याइतकीच आहेत.

तुलना कशाशी करावी

जुन्या कामाशी तुलना करूच नये असे मी म्हणणार नाही. ती होतेच आणि योग्य अल्बम निवडला तर ती उपयोगी पडते. चूक होते ती निवडीत. बहुतेक जण बँडचा सर्वाधिक गाजलेला अल्बम उचलतात. 'व्हायोलेटर'वर 'एन्जॉय द सायलेन्स' आहे, ते मुळात गोर यांनी हार्मोनियमवर केलेले संथ गाणे होते आणि त्याला गती द्यावी हे वाइल्डर यांना सुचले. फ्लड त्यांच्या सोबत होते, चौघे तिशीच्या आसपासचे होते आणि बँडमधली कामाची वाटणी पक्की बसली होती. ती परिस्थिती परत येणारी नाही आणि तिच्याशी 2023 च्या अल्बमची बरोबरी लावून काही हाती लागत नाही.

सुरुवातीला केलेला कागद येथे पुन्हा काढावा. एक माणूस गेल्यानंतर बँडने केलेला पहिला अल्बम कोणता, हे त्यावरून शोधावे. असे तीन अल्बम मिळतात: क्लार्क गेल्यानंतरचा 1982 चा 'अ ब्रोकन फ्रेम', वाइल्डर गेल्यानंतरचा 1997 चा 'अल्ट्रा' आणि फ्लेचर गेल्यानंतरचा 'मेमेंटो मोरी'. हे तीन अल्बम एका आठवड्यात, याच क्रमाने ऐकावेत. संपूर्ण पद्धतीतली ही पायरी मला सर्वांत मोलाची वाटते.

'अ ब्रोकन फ्रेम'मध्ये गीतकार गेल्याची पोकळी ऐकू येते. गोर अजून चाचपडत आहेत, काही गाणी क्लार्क यांच्या हलक्याफुलक्या वळणावर जातात आणि काही अचानक काळोखात शिरतात. तो काळोख पुढे बँडचा स्थायिभाव होणार आहे, हे मागे वळून ऐकताना लक्षात येते. 'अल्ट्रा'मध्ये मांडणी करणारा गेला आहे. शिवाय आदल्या वर्षी गाहान अमली पदार्थांच्या अतिसेवनाने मृत्यूच्या दारातून परत आले होते. तिथे निर्मात्याला अधिक जागा मिळालेली दिसते, ठेके संथ आणि दमट झाले आहेत, आणि आवाज जपून, तुकड्या-तुकड्याने पुढे येतो.

आणि फ्लेचर? ते गाणी लिहीत नसत, ध्वनिमुद्रणातही त्यांचे वादन फारसे नसे. बँडचे व्यवहार पाहणे, माणसे सांभाळणे आणि गोर व गाहान यांच्यामधला दुवा होणे हे त्यांचे काम होते. त्यामुळे त्यांची रिकामी झालेली जागा ध्वनीत शोधून सापडणार नाही. ती दोघांच्या संबंधात शोधावी लागते. मधला माणूस गेल्यावर या दोघांना एकमेकांशी थेट बोलावे लागले. 'वॅगिंग टंग'चे सहलेखन आणि दोन आवाज एकत्र येतात म्हणून आपण टिपून ठेवलेल्या जागा या दृष्टीने पुन्हा ऐकाव्यात. तिथे मुख्य गायक आणि साथीचा आवाज अशी उतरंड मला जाणवत नाही. दोघे शेजारी उभे आहेत, असे ऐकू येते. हे माझे ऐकणे आहे, आपले निराळे असू शकेल, पण प्रश्न हाच विचारावा.

इतर बँडना ही रीत लावताना थोडा फेरफार करावा लागतो. ओएमडी या इंग्लिश सिंथ-पॉप बँडमधून 1989 साली पॉल हम्फ्रीज बाहेर पडले होते आणि 2006 पासून ते अँडी मॅक्लस्की यांच्यासह पुन्हा एकत्र आले, त्यामुळे त्यांचा 2023 चा 'बाउहाउस स्टेअरकेस' ऐकताना कोण गेले यापेक्षा कोण परत आले हे पाहावे. तुलना गाजलेल्या गाण्यांशी न करता 1983 च्या 'डॅझल शिप्स' या धाडसी अल्बमशी करावी. पेट शॉप बॉईज या इंग्लिश सिंथ-पॉप जोडीत 1981 पासून तेच दोघे आहेत, तेथे माणसांचा रकाना कोराच राहतो आणि निर्मात्यांचा बोलू लागतो: स्टुअर्ट प्राइस यांच्यासह 2013, 2016 आणि 2020 असे तीन अल्बम, आणि मग 2024 च्या 'नॉनदलेस'वर तेच जेम्स फोर्ड. फोर्ड यांचा हात दोन वेगळ्या बँडवर कसा फिरतो हे पाहायचे असेल तर 'मेमेंटो मोरी' आणि 'नॉनदलेस' एकामागोमाग लावावेत.

शेवटी मंचावरचे ऐकावे

स्टुडिओतला अल्बम पुरता अंगवळणी पडल्यावरच मैफलीतले ध्वनिमुद्रण किंवा चित्रीकरण पाहावे, आधी नाही. सिंथ-पॉपची गाणी मंचावर बदलतात. येथे ड्रमवर क्रिस्टियन आयग्नर आणि कीबोर्डवर पीटर गॉर्डिनो असतात, दोघेही 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून बँडसोबत आहेत. हाताने वाजवलेले ड्रम सिक्वेन्सरच्या निर्विकार चालीवर चढले की गाणी अधिक धसमुसळी होतात. कोणते गाणे त्यामुळे फुलते आणि कोणते चेपले जाते, हे कागदावर लिहावे.

'मेमेंटो मोरी'चा दौरा अल्बमच्या आदल्या दिवशी, 23 मार्च 2023 रोजी सॅक्रामेंटो येथे सुरू झाला आणि एप्रिल 2024 मध्ये कोलोन येथे संपला. त्यातील मेक्सिको सिटीच्या मैफलींचे चित्रीकरणही झालेले आहे. नवी गाणी कार्यक्रमात कुठे बसवली आहेत आणि त्यांच्या आगेमागे कोणती जुनी गाणी ठेवली आहेत, हे पाहिले की बँड स्वतःच्या नव्या कामाकडे कसे पाहतो ते कळते. आणि एका जुन्या गाण्यासाठी थांबावे. 'व्हायोलेटर'चे पहिले गाणे 'वर्ल्ड इन माय आइज' हे फ्लेचर यांचे आवडते होते. या दौऱ्यात ते सुरू झाले की मागच्या पडद्यावर फ्लेचर यांचा तरुण चेहरा येत असे. 1990 चा तोच सिंथ-बेस, समोर साठी गाठलेले दोघे, आणि बँडच्या ध्वनिमुद्रणात ज्याचा हात फारसा ऐकू येत नाही असा तिसरा पडद्यावर. ते गाणे ऐकून झाल्यावर 'मेमेंटो मोरी' पहिल्या गाण्यापासून, शब्द समोर न घेता, पुन्हा एकदा लावावा.